ओरखडा न पडलेलं हेल्मेट

एका जंगलात, मुलांनो, एक उतार होता.

आता तुम्ही म्हणाल, जंगलात सिंह असतो, कोल्हा असतो, गेला बाजार एखादा ससा तरी असतो. उताराची कसली गोष्ट? पण हा साधासुधा उतार नव्हता. तो काँक्रीटचा होता. सिंहमहाराज टेकडीवरच्या देवीच्या दर्शनाला येणार म्हणून जंगलपंचायतीने तो घाईघाईने बांधून घेतला होता. महाराज आले ते दुसऱ्याच वाटेने. उतार मात्र राहिला. रुंद, गुळगुळीत, टेकडीपासून थेट ओढ्यापर्यंत.

मोठ्यांना त्याचा काही उपयोग सापडला नाही. पिल्लांना एका दिवसात सापडला.

फळीला चार बेलफळं लावली की स्केटबोर्ड होतो. त्याला पुढे एक दांडा उभा केला की स्कूटर होते. हे त्यांना कोणी शिकवलं ते विचारू नका. पाढे शिकवावे लागतात. असल्या गोष्टी वाऱ्यावरून येतात. शाळा सुटली की सगळी पिल्लं टेकडीवर. आणि मग गडगड, गडगड, गडगड.

उताराच्या मध्यावर एक वळण होतं. वळणावर एक काळा खडक होता. त्याचं नाव टकल्या. टकल्याला चुकवून जो खाली गेला तो शूर. ज्याला चुकवता आलं नाही त्याच्या कपाळाला टेंगूळ. टेंगळावर आई हळद लावायची आणि पाठीत एक धपाटा द्यायची. असं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

अशा वेळी सुकेतू परत आला.

सुकेतू जातीने मुंगूस. सहा वर्षं तो सात डोंगर आणि एक समुद्र ओलांडून दूरच्या जंगलात शिकत होता. काय शिकला? सुरक्षाशास्त्र. म्हणजे कोण कुठून पडू शकतो आणि पडल्यावर त्याचं काय काय मोडू शकतं, याचा अभ्यास. हा अभ्यास केलेला प्राणी पुन्हा कधी स्वस्थ बसत नाही. तिकडेच राहा, असं त्याला गुरुजनांनी सांगितलं होतं. पण सुकेतूला जंगल सुधारायचं होतं, आणि तिकडचं जंगल आधीच कोणीतरी सुधारून ठेवलं होतं. मग तिथे राहून करायचं काय?

तो आला आणि बहिणीकडे, रेवाताईच्या बिळात उतरला. येताना त्याने तीन गोष्टी आणल्या. एक पदवी, एक कुलूप लावलेली पेटी आणि एक शब्द.

तो शब्द म्हणजे ‘तिकडे’.

“तिकडे ओढ्याला कठडा असतो.”

“तिकडे वारुळावर पाटी असते.”

“तिकडे साप आधी कळवल्याशिवाय येत नाही.”

आठवड्याभरात जंगलाने त्याचं नाव ‘तिकडचा’ ठेवलं. सुकेतूला ते कळलं तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला मान दिला.

रेवाताईला एक मुलगी होती. ठकू. तो परदेशी गेल्यावर जन्मलेली. पहिल्या दिवशी तिने मामाला दुरून पाहिलं, दुसऱ्या दिवशी ती त्याच्या शेपटीवर बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मामा, चल, तुला माझी फळी दाखवते.”

सुकेतू उताराशी गेला. ठकू टेकडीवरून निघाली. कान मागे, शेपूट वर, आणि डोक्यावर काहीही नाही. टकल्याच्या अंगाला अंग घासून ती वळली आणि खाली येऊन हसत उभी राहिली.

“कशी वाटली?”

सुकेतूला एक हरणाचं पाडस आठवलं.

तिकडे, त्याच्या शाळेसमोरच्या उतारावर, ते पाडस स्कूटरवरून पडलं होतं. पडलं, उठलं, हसलंसुद्धा. मग धावत आलेल्या आईकडे बघून म्हणालं, “काकू, तुम्ही कोण?” सुकेतू दोन पावलांवर उभा होता. त्या आईचा चेहरा तो विसरला नव्हता.

ही गोष्ट त्याने कधी कोणाला सांगितली नाही. शास्त्रात गोष्टींना किंमत नसते, असं त्याला शिकवलं होतं. शास्त्रात तक्ते लागतात.

म्हणून त्याने तक्ते काढले. केळीच्या चौऱ्याऐंशी पानांवर.

पंचायत भरली. सरपंच होते दाजीराव रानडुक्कर. मोठा माणूस, म्हणजे मोठं डुक्कर. सुकेतू एकेक पान वर धरून समजावत होता. वेग, वजन, कवटीची जाडी, आणि म्हणून प्रत्येक पिल्लाच्या डोक्याला एक हेल्मेट, म्हणजे टोप. अकराव्या पानाशी त्याच्या लक्षात आलं, की मागच्या रांगेतल्या सांबराने पहिली दहा पानं खाल्ली आहेत.

“पोरा,” दाजीराव म्हणाले, “तुझं सगळं खरं. पण आम्ही काय लहानपणी पडलो नाही? मी तर चांगला डोक्यावर पडलो होतो. झालं काही मला?”

सभेत कोणीच बोललं नाही. सुकेतूही बोलला नाही. त्या दिवसातला त्याचा हा एकमेव शहाणपणा.

“अहो, पण टोप बसायचा कसा?” सगुणाबाई साळिंदर उठल्या. “आमच्या बाब्याच्या डोक्यावर निव्वळ काटे. न्हावीसुद्धा हात लावत नाही.”

“भोकं पाडून देतो, सगुणाकाकू.”

“किती?”

“काटे किती?”

“मोजू देत नाही हो मेला!”

हशा झाला. मग दाजीरावांनी ठराव वाचला. ‘चाकांवर बसणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या अथवा चाकांना लोंबकळणाऱ्या प्रत्येक पिल्लाने डोक्याला हेल्मेट घालावे. न घातल्यास चाके जप्त.’ आणि ठराव एकमताने मंजूर झाला. एकाही प्राण्याने विरोध केला नाही.

इथेच सुकेतूने सावध व्हायला हवं होतं. आपल्याकडे एखादा नियम पाळायचा असेल तर त्यावर तीन दिवस भांडण होतं. जो पाळायचाच नसतो, तो टाळ्या वाजवून मंजूर करतात. पण सुकेतू सहा वर्षं बाहेर होता. तो रेवाताईकडे धावत गेला आणि म्हणाला, “ताई, आपलं जंगल बदलतंय!”

“बदलू दे,” रेवाताई म्हणाली. “आधी जेव.”

मग सुकेतू कामाला लागला. खाडीकडून करवंट्या आणल्या. त्या वाळूने घासून घासून आरशासारख्या केल्या. आत सावरीचा कापूस लावला, हनुवटीखाली बांधायला गुळवेलीचे पट्टे केले. हत्तीच्या पिल्लासाठी अख्खा भोपळा कोरला. बाब्या साळिंदराच्या करवंटीला एकशे बारा भोकं पाडली. त्यात करवंटी कमी आणि भोकंच जास्त झाली. ठकूच्या करवंटीवर त्याने स्वतः सोनकीची पिवळी फुलं रंगवली. त्रेचाळीस हेल्मेटं. त्याचे पंजे सोलून निघाले.

वाटपाचा समारंभ झाला. दाजीरावांच्या हस्ते एक नारळ दगडावर फोडण्यात आला. तो एकाच फटक्यात फुटला, आणि सगळ्या करवंट्या ओळीने मांडलेल्या असताना फुटला. सुकेतूला ते काही बरं दिसलं नाही. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून त्यानेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन उताराशी गेला.

गडगड, गडगड, गडगड. ससे गेले, माकडं गेली, कोल्ही गेली. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

नाही, एक आलं. बाब्या साळिंदर हेल्मेट घालून टेकडी चढत आला. सुकेतूचा ऊर भरून आला. मग वर पोहोचल्यावर बाब्याने हेल्मेट काढलं, ते आईच्या हातात दिलं आणि स्कूटरवर बसून उघड्या डोक्याने सुसाट खाली गेला.

“सगुणाकाकू! अहो, काढलं का?”

“मग पडला-बिडला तर?” सगुणाबाईंनी हेल्मेट पदराने पुसलं. “तडा जाईल ना हो त्याला! तुम्ही इतक्या कष्टाने केलेलं. आम्हाला का कळत नाही?”

सुकेतू घरोघर फिरला. काय सांगू मुलांनो, प्रत्येक हेल्मेट जिवापाड जपलेलं होतं. सशाकडे ते देव्हाऱ्यात होतं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. माकडांनी दाराला टांगून खाली लिंबू-मिरची बांधली होती. कोल्हीणबाईंनी पानात गुंडाळून उंच ठेवलं होतं. पाहुणे आले की पोराला घालायला काढणार होत्या. दाजीरावांच्या घरी तर सूनबाईंनी त्यावर विणलेलं झाकण घातलं होतं.

“नियमाप्रमाणे यांची चाकं जप्त करा!” सुकेतू सरपंचांना म्हणाला.

दाजीरावांनी चाकं जप्त केली. बेलफळंच ती. त्यांचं सरबत केलं, ते पंचायत प्यायली, पिल्लांनी झाडावरून नवी चाकं तोडली. कोणाचंच काही अडलं नाही.

सुकेतू संतापून घरी आला. आणि बघतो तर फळीवर, त्याच्या पदवीच्या शेजारी, पिवळ्या फुलांची करवंटी.

“ताई, हे इथे का?”

“मग कुठे ठेवू? चुलीशी धूर लागतो.”

“डोक्यावर ठेव! तिच्या!”

“अरे, रोजच्या हुंदडण्याला कशाला इतकं चांगलं? जत्रेत घालील. मग काही लग्नकार्य निघालं तर घालील.”

आता मात्र सुकेतूचा तोल गेला. “वस्तू वापरायला असते, ताई! चांगलं आहे म्हणून गुंडाळून ठेवायचं, ही कसली वृत्ती? म्हणूनच आपण मागे राहिलो! तिकडे कोणी असं करत नाही. तिकडे—”

“मामा,” ठकूने मध्येच विचारलं, “तुझ्या पेटीत ते निळं काय आहे?”

सुकेतूची नजर पेटीच्या कुलपाकडे गेली.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सुकेतूच्या पेटीत एक हेल्मेट होतं. खरंखुरं, तिकडचं. निळं, चकचकीत, वारा यायला सात खाचा. परीक्षेत पहिला आला म्हणून मिळालेलं. ते अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात होतं. आतली ओल शोषणारी कागदाची छोटी पुडीसुद्धा त्याने फेकली नव्हती. दर रविवारी तो पेटी उघडायचा, प्लॅस्टिकवरूनच त्यावर फुंकर मारायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा.

“ते… ते वेगळं आहे,” सुकेतू म्हणाला.

“कसं काय?”

“ते इकडे मिळत नाही.”

रेवाताई भाकरी थापत होती. थापायचा आवाज जरा मोठा झाला.

“परवा जत्रेत उताराची शर्यत आहे,” ठकू म्हणाली. “मी पहिल्यांदाच शर्यतीत उतरणार आहे. तू तुझं घातलंस तर मी माझं घालीन. तू माझ्यापुढे स्कूटरवरून जायचं. नाहीतर मी नाही घालणार, जा.”

त्या रात्रीपासून सुकेतूला ते पाडस दिसू लागलं. “काकू, तुम्ही कोण?” फक्त आता त्या पाडसाला ठकूचं तोंड होतं.

जत्रेचा दिवस उजाडला. उताराच्या दोन्ही बाजूंना सगळं जंगल उभं. वर टेकडीवर ठकू फळीवर पाय ठेवून तयार, डोक्यावर पिवळ्या फुलांची करवंटी. तिच्यापुढे स्कूटर घेऊन सुकेतू. पडण्याचा त्याने सहा वर्षं अभ्यास केला होता. स्कूटरवर मात्र तो जन्मात बसला नव्हता.

त्याने पेटी उघडली. निळं हेल्मेट बाहेर काढलं. प्लॅस्टिकच्या कडेला नख लावलं.

आणि नख पुढे जाईना.

एकदा काढलं की काढलं. मग धूळ बसेल. ओरखडा पडेल. पुन्हा ते नवं कधीच होणार नाही. त्याने मनातल्या मनात नियम आठवून पाहिला. नियम त्यानेच लिहिला होता. हेल्मेट घालावं असं त्यात होतं. प्लॅस्टिक काढावं, असं कुठेच नव्हतं.

त्याने वेष्टनासकट हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पट्टा बांधला.

“मामा, ते प्लॅस्टिक—”

“चल गं!” सुकेतू म्हणाला आणि निघाला.

पहिले दहा हात फार छान गेले. लोक ओरडत होते, “तिकडचा आला! तिकडचा आला!” मग वारा लागला. वाऱ्याने प्लॅस्टिकची कड सुटली, फडफडली आणि सुकेतूच्या दोन्ही डोळ्यांवर येऊन चिकटली.

सुकेतूला काहीच दिसेना. समोर वळण होतं. वळणावर टकल्या होता.

मागून येणाऱ्या ठकूला मात्र सगळं दिसत होतं. तिने फळीवर जोर दिला, मामाला गाठलं आणि त्याच्या कुशीत खांद्याने धक्का मारला. सुकेतू स्कूटरसकट उडून करवंदीच्या जाळीत पडला. ठकूला वळायला जागाच उरली नाही.

ठक्क.

करवंटीचे दोन तुकडे झाले. एक इकडे, एक तिकडे.

गर्दीतून दाजीरावांचा आवाज आला, “अरेरे! फुटली!”

“तरी मी म्हणत होते,” सगुणाबाई कळवळल्या, “रोजच्या वापराची वस्तू नव्हे ती!”

“काय सुबक फुलं होती हो!”

“नव्याचे नऊ दिवससुद्धा झाले नाहीत!”

सगळे धावले आणि तुकडे गोळा करू लागले. एकटी रेवाताई ते तुकडे तुडवत पुढे गेली. तिने ठकूला उचललं आणि तिचं डोकं चाचपायला लागली. पुढून, मागून, कानामागून. टेंगूळसुद्धा नव्हतं.

अंगभर काटे घेऊन सुकेतू रांगत आला. त्याने रेवाताईकडे बोट दाखवलं.

“ठकू, ही कोण?”

“असं काय रे, मामा? आई आहे ती.”

“पुन्हा सांग.”

“आई.”

“अजून एकदा.”

“आई गं, मामाच्या डोक्याला लागलंय,” ठकू रेवाताईला म्हणाली.

सुकेतू उताराच्या मधोमध बसला आणि ढसाढसा रडला. सगळे भोवती जमले. तेव्हा पहिल्यांदा त्याने त्या पाडसाची गोष्ट सांगितली. चार वाक्यांत. हातात एकही पान नव्हतं. खायला काही नसल्यामुळे मागच्या रांगेतल्या सांबरानेही ती पूर्ण ऐकली. गोष्ट संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आया आपापल्या पिल्लांची डोकी चाचपत घरी गेल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जंगलाला फार गहिवरून आलं होतं, आणि गहिवरलेलं जंगल स्वस्थ बसत नाही. चार दिवसांत टकल्याशेजारी एक चौथरा उभा राहिला. त्यावर करवंटीचे दोन तुकडे, वर शेंदूर, पुढे उदबत्ती. पिल्लं स्केटबोर्ड घेऊन निघाली की आधी तिथे थांबायची. करवंटीमातेपुढे डोकं झाकून कसं जायचं? म्हणून हेल्मेट घरीच ठेवून यायची, भक्तिभावाने नमस्कार करायची आणि उघड्या डोक्याने वर चढायची.

सुकेतूने कपाळावर हात मारायला हात उचलला. हात निळ्या हेल्मेटला लागला.

हो, ते त्याच्या डोक्यावर होतं. करवंदीच्या जाळीत प्लॅस्टिक फाटलं होतं आणि हेल्मेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओरखडा उमटला होता. पहिल्या दिवशी त्या दुःखाने तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, जाऊ दे, आता काय राहिलंय त्याच्यात. आणि ओढ्यावर पाणी आणायला जाताना सहज घातलं. मग बाजारात घातलं. मग काढायचंच विसरला.

चौथऱ्यासमोर उभ्या असलेल्या सुकेतूला एकदम काहीतरी उमगलं. पदवीत ते नव्हतं.

त्याच दुपारी त्याने नव्या करवंट्या घेतल्या. या वेळी घासल्या नाहीत. काथ्या तसाच ठेवला. चिखल माखला. मग प्रत्येकीवर दगडाने पाच-सहा ओरखडे काढले. एकीची कडा मुद्दाम तोडली. ती ठकूसाठी.

दाजीरावांनी एक करवंटी उलटसुलट करून पाहिली. “हे काय रे, पोरा? असली कुरूप?”

“तिकडची नवी पद्धत आहे,” सुकेतू बेधडक खोटं बोलला.

संध्याकाळी तो उताराशी गेला. गडगड, गडगड, गडगड. आणि एकामागून एक, मळकट, खरबरीत, ओरखडलेली डोकी खाली येत होती. बाब्या साळिंदर वर टेकडीवर हेल्मेट काढायला लागला, तर सगुणाबाई खेकसल्या, “राहू दे ते! फुटलं तर फुटलं मेलं!”

सुकेतूने आयुष्यात इतकं सुंदर वाक्य ऐकलं नव्हतं.

त्यानंतर त्याला कोणी ‘तिकडचा’ म्हटलं नाही. ‘ओरखड्या’ म्हणू लागले. ते फाटकं प्लॅस्टिक मात्र रेवाताईने टाकलं नाही. धुतलं, वाळवलं, नीट घडी करून अंथरुणाखाली ठेवलं. चांगलं होतं, कधीतरी उपयोगी पडेल.

तात्पर्य : डोकं जन्मापासून वेष्टनाशिवाय मिळतं, म्हणून ते कोणी जपत नाही. तेव्हा मुलांनो, समाजाला एखादी चांगली वस्तू द्यायची झाल्यास आधी ती दगडावर घासून थोडी खराब करावी. दूर शिकून परत आलेल्यांनाही हाच नियम लागू.